भाड्याचं घर: कुठे किती द्यायचं, कुठे नाही म्हणायचं

पुण्यात, ठाण्यात किंवा नाशिकमध्ये महिना वीस हजार भाड्याचा साधा वन बीएचके ठरला, की किल्ली हातात पडेपर्यंत खिशातून सव्वा ते दीड लाख रुपये गेलेले असतात. चार महिन्यांचं डिपॉझिट धरलं तर ऐंशी हजार, पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं वीस हजार, दलाली वीस हजार, करारनाम्याचे तीन-साडेतीन हजार, टेम्पो आणि हमालीचे पाच-सात हजार. चाळीस हजार पगार असलेल्या माणसाची ही तीन महिन्यांची सगळी कमाई आहे. यातले ऐंशी हजार परत मिळायला हवेत. बाकीचे गेले ते गेले.

एवढे पैसे मोजताना आपण घासाघीस करतो ती भाड्यावर. पाचशे कमी करा, हजार कमी करा. पैसे खरे बुडतात ते मात्र कागदात: डिपॉझिट किती लिहिलं, रंगकाम कोणाचं, वाढ किती टक्के, घर सोडताना पैसे कधी मिळणार. वरच्या सगळ्या यादीत सर्वांत स्वस्त गोष्ट कोणती, तर भाडेकरूचं रक्षण करणारा नोंदणीकृत करार. आणि वाचवायचं म्हणून लोक नेमका तोच टाळतात. म्हणून या लेखात सरकारी दर आणि बाजाराचे रिवाज वेगवेगळे सांगितले आहेत. सरकारी दर भरावाच लागतो. रिवाजावर बोलणी करता येतात, आणि करायलाच हवीत.

दलाली

भाड्याच्या घराच्या दलालीचा दर कुठल्या कायद्याने बांधून दिलेला नाही. मुंबईत अकरा महिन्यांच्या करारामागे एक महिन्याचं भाडं हा रिवाज झाला आहे. पुण्यात आणि इतर शहरांत पंधरा दिवसांपासून महिन्यापर्यंत मागतात, आणि बऱ्याचदा तेवढंच मालकाकडूनही घेतात. आकडा घर बघायला जाण्याआधी ठरवा आणि व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. अकरा महिन्यांनी करार पुन्हा करताना दलाल अर्ध्या महिन्याचं भाडं मागतो. घर तेच, मालक तोच, तुम्हीही तेच. त्याने कागदपत्रांचं काम केलं असेल तर त्या कामाचे पैसे द्या. दुसऱ्यांदा दलाली देण्याचं काही कारण नाही.

टोकन देण्याआधी घर प्रत्यक्ष बघा, आणि समोरचा माणूस खरंच मालक आहे का हे वीजबिल, मालमत्ता कराची पावती किंवा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) पाहून खात्री करा. लष्करात आहे, बदली झाली आहे, गेट पाससाठी आधी थोडे पैसे पाठवा, असं सांगून क्यूआर कोड धाडणारे भामटे सगळ्या शहरांत आहेत. घर दाखवण्यासाठी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

डिपॉझिट

महाराष्ट्रात डिपॉझिट किती घ्यावं यावर कायद्याची मर्यादा नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे. पण तो नमुना आहे. राज्याने तो स्वतः स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. त्यामुळे 'आता दोनच महिन्यांचं डिपॉझिट' असा संदेश मोबाइलवर फिरत आला, तरी त्याच्या जोरावर मालकाशी भांडायला जाऊ नका. दोन महिन्यांचा आकडा बोलणीत जरूर वापरा. देशाच्या सरकारने वाजवी मानलेला आकडा आहे, एवढं म्हणायला काहीच हरकत नाही.

डिपॉझिटचा एक खर्च डोळ्यांना दिसत नाही. ऐंशी हजार रुपये साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले असते, तर वर्षाला पाच हजार दोनशे मिळाले असते. मालकाकडे ते बिनव्याजी पडून असतात. म्हणजे तुमचं खरं भाडं वीस हजार नसून वीस हजार चारशेच्या पुढे आहे. हाच हिशेब उलटा करून बोलणीत वापरता येतो. पन्नास हजार रुपयांचं महिन्याचं व्याज पावणेतीनशेच्या आसपास होतं. मालक डिपॉझिट पन्नास हजारांनी कमी करून भाडं तीनशेने वाढवायला तयार असेल, तर सौदा घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण दुसऱ्याच्या हातात अडकणारी रक्कम कमी होईल. घर सोडताना भांडण होतं ते नेहमी त्या अडकलेल्या रकमेवरून.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काही मालक डिपॉझिटचा काही भाग रोख घेतात आणि करारात कमी रक्कम लिहितात. 'स्टॅम्प ड्युटी वाचेल' असं कारण देतात. मुद्रांक शुल्काच्या हिशेबात परत मिळणारं डिपॉझिट पूर्ण धरतच नाहीत. त्यावर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात आणि त्या व्याजावर पाव टक्का शुल्क लागतं. पन्नास हजार रुपये जास्त लिहिले, तर व्याज धरलं जातं पाच हजार, आणि त्यावरचं शुल्क होतं वर्षाला साडेबारा रुपये. साडेबारा रुपये वाचवायला पन्नास हजारांचा पुरावा सोडून द्यायचा का? पूर्ण रक्कम लिहा. तारीख, बँक व्यवहाराचा क्रमांक सगळं लिहा. मालक ऐकतच नसेल, तर त्याचं कारण मुद्रांक शुल्क नाही हे समजून घ्या आणि दुसरं घर बघा.

मुंबईत 'हेवी डिपॉझिट'चीही पद्धत आहे: एकदम दहा लाख द्या, दोन वर्षं भाडं नको किंवा नावापुरतं द्या. नुकतंच लग्न झालेल्या जोडप्यांना ही सोय वाटते. पण त्या घरावर मालकाचं बँकेचं कर्ज असेल आणि हप्ते थकले, तर बँक घराचा ताबा घेते आणि तुमचे दहा लाख मालकाच्या इतर देण्यांच्या रांगेत जाऊन बसतात. कर्ज आहे का, हे सोसायटीच्या कार्यालयात विचारा आणि 'घरावर बोजा नाही' असं कलम करारात घाला. दोन वर्षांच्या अशा करारावर, दहा लाखांच्या डिपॉझिटपोटी, मुद्रांक शुल्क भरतं फक्त पाचशे रुपये. नोटरीच्या कागदावर दहा लाख देणारी माणसं आहेत, आणि त्यांना हे पाचशे कोणी सांगितलेले नसतात.

करार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं असेल तर मालकाने सिद्ध करायचं.

मग अकरा महिने कशाला? देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, त्यातून अकरा महिन्यांची सवय देशभर पडली. महाराष्ट्रात कलम ५५ मुळे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. त्यामुळे 'अकरा महिनेच आहेत, नोटरी पुरे' हे आपल्याकडे चालत नाही. नोटरीच्या कागदाला थोडेच पैसे लागतात, पण कलम ५५ त्याने पूर्ण होत नाही.

सरकारी खर्चाचा हिशेब असा. पूर्ण मुदतीचं भाडं, त्यात परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, आणि डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज, या सगळ्याच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. महिना वीस हजार, डिपॉझिट ऐंशी हजार, मुदत अकरा महिने: भाड्याचे दोन लाख वीस हजार, व्याजाचे सात हजार तीनशेच्या आसपास, त्यावर शुल्क पाचशे सत्तरच्या आत-बाहेर. नोंदणी फी महानगरपालिका हद्दीत एक हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. ऑनलाइन दस्तासाठी हाताळणीचं छोटं शुल्क वेगळं लागतं. एजंट 'सरकारी खर्च' म्हणून पाच हजार सांगत असेल, तर चलनं दाखवायला सांगा. चलनावरचे पैसे सरकारचे, उरलेले त्याच्या सेवेचे. त्याची सेवा हजारापासून अडीच-तीन हजारांपर्यंत मिळते, घरी येऊन अंगठे घेत असेल तर थोडी जास्त.

एजंट लावायलाच पाहिजे असंही नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर लिव्ह अँड लायसन्सची ई-नोंदणी स्वतः करता येते. दोन्ही पक्ष आणि साक्षीदार यांचं आधार, अंगठ्याचा ठसा घेणारं छोटं यंत्र आणि वेबकॅम एवढं लागतं. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणी झाली पाहिजे. नोंदणी झाल्यावर दस्ताची पूर्ण प्रत स्वतःकडे घ्या. 'मालकाकडे आहे' यावर समाधान मानू नका.

खर्च कोणी करायचा? रिवाज अर्धा-अर्धा किंवा पूर्ण भाडेकरूकडे. अर्ध्यावर अडून बसा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे, हे नम्रपणे सांगता येतं.

त्याच घरात तीन वर्षं राहायचा विचार असेल, तर एकदम ३६ महिन्यांचा करार करा. पाव टक्क्याचा दर ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला लागू आहे. भाडं तेच धरलं तर ३६ महिन्यांचं मुद्रांक शुल्क होतं एक हजार आठशे साठ, नोंदणी फी एक हजार, एजंटचे दीड हजार धरू: चार हजार तीनशे साठ. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केले, तर सगळं मिळून नऊ हजारांच्या पुढे जातं, आणि महिने मिळतात तेहतीसच. वर दोन वेळा दलालाने हात पुढे केला तर ते वेगळेच. दर वर्षी सामान बांधावं लागेल का, ही धाकधूक जाते, त्याला तर किंमतच नाही. मुलाची शाळा मध्येच बदलावी लागलेल्या आईला विचारा.

मालक घाबरतो, की जास्त मुदत दिली तर भाडेकरू घर बळकावेल. ही भीती जुन्या कायद्याची आहे. त्या कायद्याच्या १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेले लायसन्सवरचे लोक भाडेकरू ठरले, आणि अनेक मालकांना घर गमावल्यासारखं वाटलं. १९९९ च्या कायद्यात तसं नाही. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि राहणाऱ्याला लायसन्स फीच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. हे मालकाला सांगा, तो निश्चिंत होईल. आणि आपणही लक्षात ठेवा: डिपॉझिट मिळत नाही म्हणून मुदत संपल्यावर हट्टाने राहिलं, की दुप्पट दर आपल्याच अंगावर येतो.

याच कलम २४ मध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. लेखी करारात जे म्हटलं असेल, तो अंतिम पुरावा मानला जातो. 'अहो, तोंडी ठरलं होतं' हे तिथे चालत नाही. म्हणून दलालाने आणलेला छापील नमुना तसाच सही करू नका. निदान एवढं तपासा. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, असेल तर दोघांनाही सारखा हवा. भाडेकरूला सहा महिने आणि मालकाला शून्य, असं नको. नोटीस एक महिन्याची, दोन्ही बाजूंनी. दरवर्षीची वाढ टक्क्यांत लिहिलेली. पंखे, गिझर, कपाटं यांची यादी, त्यांच्या अवस्थेसकट. रंगकाम कोणाचं. आणि डिपॉझिट किल्ली देताना त्याच वेळी परत. न दिल्यास त्यावर १८ टक्के व्याज आणि रक्कम मिळेपर्यंत भाडं न देता राहण्याची मुभा. हे शेवटचं कलम अनेक नमुन्यांत असतं आणि कधीकधी गुपचूप काढलेलं असतं. ते लिहिलेलं असेल तर वर सांगितलेला दुप्पट भाड्याचा धोका बराच टळतो.

वाढीचा टक्का किरकोळ वाटतो. वीस हजारांवर दरवर्षी दहा टक्के वाढ मान्य केली, तर तीन वर्षांत एकूण सात लाख चौऱ्याण्णव हजार चारशे भराल. पाच टक्क्यांवर ठरवलं तर सात लाख छप्पन्न हजार सहाशे. फरक ३७,८०० रुपयांचा. सुरुवातीला भाडं पाचशेने कमी करून घेतल्याच्या आनंदात ही ओळ वाचायची राहून जाते.

सोसायटी आणि पोलीस

घर भाड्याने दिल्यावर सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि त्यात पालिकेचे कर धरायचे नाहीत. सेवा शुल्क अडीच हजार असेल, तर जास्तीत जास्त अडीचशे. ही रक्कम सभासदाने, म्हणजे मालकाने द्यायची आहे. 'सोसायटी भाडेकरूचे दोन हजार जास्त घेते' असं सांगून ते तुमच्या माथी मारत असतील, तर सोसायटीची पावती मागा. सामान आत आणताना लिफ्टचे किंवा 'शिफ्टिंग'चे पैसे मागितले, तर कोणत्या सर्वसाधारण सभेच्या ठरावाने, ते विचारा आणि पावतीशिवाय देऊ नका.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे मालकाचं काम आहे. ते राज्य पोलिसांच्या किंवा शहर पोलिसांच्या संकेतस्थळावर होतं आणि त्याला फी नाही. एजंट 'पोलीस व्हेरिफिकेशन'चे पाचशे-हजार लावतो, ते त्याच्या फॉर्म भरण्याचे. दहा मिनिटांचं काम आहे, स्वतः करा.

बॅचलर नको, अमुक जातीचे नको, मांसाहारी नको, हे ऐकून घरं सोडून द्यावी लागणाऱ्यांची संख्या आपल्या शहरांत मोठी आहे, आणि याविरुद्ध सरसकट कायदा नाही. ही उणीव लाजिरवाणी आहे. पण जिथे कायदा आहे, तिथे तो माहीत हवा. एचआयव्हीबाधित व्यक्तीला त्या कारणासाठी भाड्याने घर नाकारणं २०१७ च्या कायद्याने, आणि तृतीयपंथी व्यक्तीला नाकारणं २०१९ च्या कायद्याने निषिद्ध आहे.

दर महिन्याला

वीजबिल महावितरणचं किंवा ज्या कंपनीचं असेल तिचं, जसंच्या तसं. चाळीत, वस्तीत, एकाच मीटरवरच्या खोल्यांत मालक 'युनिटला अमुक रुपये' सरसकट लावतो, आणि भाडं कमी ठेवल्याचं पुण्य सांगून विजेत वसूल करतो. सबमीटर बसवा, दर महिन्याला मूळ बिलाचा फोटो मागा आणि सरासरी दर काढून तेवढेच द्या. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये मालकाप्रमाणेच तिथे राहणाऱ्यालाही पुरवठा मागायचा हक्क दिलेला आहे.

भाडं बँकेतून द्या. घरभाडे भत्त्यावर कर सवलत घेत असाल आणि वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल, तर मालकाचा पॅन लागतो. तो करारातच लिहून घ्या. महिना पन्नास हजारांच्या वर भाडं असेल, तर दोन टक्के टीडीएस कापायची जबाबदारी भाडेकरूची आहे.

दुरुस्तीवरून होणाऱ्या भांडणांवर आदर्श भाडेकरू कायद्याच्या परिशिष्टाने सरळ वाटणी सुचवली आहे. भिंतींचा चुना-रंग, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप, वायरिंग, इमारतीची मोठी दुरुस्ती मालकाची. नळाचं वॉशर, बटणं, फुटलेली काच, तुंबलेली मोरी राहणाऱ्याची. आपल्याकडे तो कायदा लागू नसला, तरी ही वाटणी करारात लिहायला कोणी अडवत नाही. एकदा लिहिली की घर सोडताना 'रंगाचे वीस हजार कापले' हा प्रकार बंद होतो.

कॉट बेसिस आणि खोल्या

पुण्यात सदाशिव, नारायण, नवी पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत तीन-चार कॉट, प्रत्येकाचं वेगळं भाडं, वेगळं डिपॉझिट, आणि बहुतेकदा कसलाच कागद नाही. गावी आईवडिलांनी सोयाबीन विकून पाठवलेले पैसे असतात ते. चौघांनी मिळून एकच नोंदणीकृत करार करायचा आग्रह धरावा, चौघांची नावं त्यात असावीत. खर्च दरडोई हजाराच्या आत येतो. तेही जमलं नाही, तर निदान डिपॉझिट ऑनलाइन द्या, शेऱ्यात 'डिपॉझिट' लिहा, आणि नोटीस किती दिवसांची हे मेसेजवर विचारून उत्तर जपून ठेवा.

चाकण, भोसरी, अंबड, सातपूरच्या कारखान्यांभोवतीच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांचंही असंच आहे. तिथे करार मागितला की 'मग दुसरीकडे बघा' असं उत्तर येतं. त्यात नुकसान होतं ते मुलांचंही. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करताना रहिवासाचा पुरावा म्हणून भाडेकरार दाखवायचा, तर तो नोंदणीकृत लागतो, नोटरीचा चालत नाही. दीड-दोन हजारांच्या कागदावाचून मुलाचा चांगल्या शाळेतला फुकट प्रवेश जातो. कामगार संघटनांनी आणि कंत्राटदारांनीही हे काम अंगावर घ्यावं. वीस खोल्यांचे करार एका दिवसात, एका अंगठ्याच्या यंत्रावर होतात.

पागडीच्या घरात

जुन्या पागडीच्या घरातले लोक लायसन्सवरचे नाहीत, ते कायद्याने भाडेकरू आहेत आणि त्यांचे हक्क जास्त आहेत. भाडं दरवर्षी चार टक्के वाढवता येतं. पैसे घेतल्याची पावती मालकाने द्यायलाच हवी. पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडता येत नाहीत. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालक दुरुस्ती करत नसेल, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. भाडं घ्यायलाच नकार देणं ही थकबाकी दाखवून घर खाली करवण्याची जुनी खेळी आहे. दर महिन्याला मनीऑर्डर करा आणि परत आलेल्या पावत्या फाइलला लावा. मनीऑर्डरच्या काही रुपयांवर पन्नास वर्षांचं घर टिकून असतं.

मागायचं काय

२०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांहून जास्त घरं रिकामी आढळली होती. घरं आहेत, ती भाड्याने येत नाहीत, आणि येतात त्यांचा उंबरठा डिपॉझिटमुळे उंच होतो. मुंबई महानगर प्रदेशात २००८ मध्ये भाडेतत्त्वावरच्या घरांची सरकारी योजना निघाली होती, १६० चौरस फुटांच्या खोल्यांची. त्यातली बरीच घरं पुढे गिरणी कामगारांना मालकीने देण्यासारख्या दुसऱ्या कामांकडे वळली. गिरणी कामगारांना घर मिळालंच पाहिजे होतं. पण भाड्याच्या घरांचा साठा मात्र उभा राहिला नाही. मे २०२५ मध्ये राज्याने 'माझे घर, माझे अधिकार' हे गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. स्थानिक आमदार, नगरसेवक दारात येतील तेव्हा त्यांच्याकडे तीन नेमक्या मागण्या करा: डिपॉझिटला दोन महिन्यांची कायदेशीर मर्यादा, ते ठरावीक दिवसांत परत न केल्यास मालकाला दंड, आणि डिपॉझिटच्या तक्रारीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याचं दार भाडेकरूलाही उघडं. आज त्या दारात अर्ज घेऊन मालक जातो. भाडेकरूला दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते.

घर सोडताना

नोटीस मेसेज आणि ईमेल दोन्हींवर द्या. राहायला येताना प्रत्येक भिंतीचे, नळाचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढलेले असतील, तसेच जाताना काढा. किल्ली दिली की 'ताबा मिळाला' असं लिहून घ्या आणि डिपॉझिट त्याच वेळी मागा. 'नवा भाडेकरू आला की देतो' याला हो म्हणू नका. तुमचा करार पुढच्या भाडेकरूशी झालेला नाही.

मालकाने मुदतीआधी किंवा वादातून जबरदस्तीने कुलूप लावलं, सामान बाहेर काढलं, तर पोलीस बहुतेकदा 'दिवाणी बाब आहे' म्हणतात. लेखी तक्रार तरी द्याच, पोच घ्या. बेकायदा हिसकावलेला ताबा परत मिळवण्यासाठी विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. हा काळ हातचा जाऊ देऊ नका.

डिपॉझिट अडकलं, तर पहिली पायरी वकिलाची नोटीस. दीड ते तीन हजारांत मिळते, आणि रक्कम करारात पूर्ण लिहिलेली असेल तर अनेक मालक तेवढ्यावरच पैसे सोडतात. पुढे दिवाणी दावा. त्यासाठी मुदत तीन वर्षांची. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना तिथे उत्पन्नाच्या अटीशिवाय मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. त्याची राष्ट्रीय मदतवाहिनी १५१०० आहे. जाताना नोंदणीकृत कराराची प्रत, डिपॉझिटच्या व्यवहाराची बँक नोंद, नोटिशीचे मेसेज आणि ताबा दिल्याचा कागद, एवढं एका पाकिटात घालून न्या.